एक जानेवारी एकोणीसशे सत्तर

सहमच्या बाहेर डांबर संपून खडी लागते,
तिथं पंपघर क्रमांक सात.
रात्रीचे पावणेबारा, अडतीस डिग्री.
समुद्र दिसत नाही, पण चष्म्यावर येऊन बसतो.

फाटकावरच्या पोरानं कार्ड पाहिलं.
कार्डावर मी पिंगले आहे.
ळ अरबीत नाही, इंग्रजीत नाही,
मस्कतच्या कुठल्याशा खिडकीपाशी गळून पडला.
पोरगा म्हणाला, जा.

आतली पाटी असं म्हणत नाही.
तळहाताएवढा कंट्रोलर, पंखासुद्धा नाही,
थोडक्या मेमरीत मांडलेला काटकसरीचा संसार.
त्यात मी नवा प्रोग्राम घालायला आलेली,
क्लोरीन मोजून सोडणारा.
त्याच्यात कुठं एका ळ चा ल झाला असता
तर अख्खी सही फिसकटली असती.

विश्वास पानिपतात गेला, म्हणतो ना आपण,
तसंच आहे इथं.
आधी मोहोर बघायची, मग उंबऱ्याच्या आत घ्यायचं.
घेतलं तरी एकच खोली द्यायची,
क्लोरीनची तोटी हाताला लागेल अशी,
शेजारच्या पंपाचा आवाजही येणार नाही अशी.
आत वेडावाकडा वागला तर उचलून बाहेर,
आणि जुना प्रोग्राम पुन्हा गादीवर.
हे नियम मीच लिहिलेत. तीन वर्षं लिहीत होते.

आज माझाच प्रोग्राम, माझीच मोहोर,
आणि पाटी म्हणाली: अजून वैध नाही.

अजून?

पुन्हा चढवला. अजून नाही.
मग नोंदवही उघडली आणि तारीख दिसली.
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
बारा वाजून चार मिनिटं.
उन्हानं आतली बटणाएवढी बॅटरी मारली होती.
वीज जाऊन आली की यंत्र
थेट काळाच्या पहिल्या पायरीवर उठून बसायचं.
त्याच्या लेखी माझी सही अजून जन्मायची होती.
मीही.

खल्फान बलूशी स्टुलावर. त्याची हिंदी माझ्याहून बरी.
तपासणी बंद कर, म्हणाला, पाचच मिनिटं,
मी कोणाला सांगायचा नाही.
बोलला ते खरंच होतं, तो सांगणारा माणूस नाही.
पण पहाटे अर्धं गाव वजूसाठी नळ सोडणार,
आणि पाच मिनिटं उघडं राहिलेलं दार
मिटल्यावर सांगत नाही कोण येऊन गेलं.
मी नाही म्हटलं. जरा जोरातच.

तो रागावला नाही.
त्याचा आजोबा फलजवर होता, डोंगराकडल्या गावी.
पाण्याच्या पाळ्या ताऱ्यांवर लावायचा:
हा तारा कड्यावर आला की तुझं पाणी बंद,
त्याचं सुरू. अर्ध्या तासाला अथर म्हणायचे.
ढग आले की? मी विचारलं.
ढग आले की भांडणं, खल्फान म्हणाला.

मग खिशातून गाडीची किल्ली काढली,
रिमोट नखानं उकलला,
आणि एक चपटी बॅटरी माझ्या हातावर ठेवली.
तिच्यावर कोरलेलं: २०३२.
घे, म्हणाला, बरंच पुढचं साल आहे.

तीच लागत होती.
वेळ हातानं लावली. माझा फोन आणि त्याचं मनगट,
दोन मिनिटांचा फरक निघाला.
फोनचं ऐकलं, तो कुरकुरला.
पाटीनं मोहोर पाहिली, उलटसुलट मोजली,
आणि घेतलं एकदाचं आत.
पहिला थेंब बारा त्रेचाळीसला.

आता त्याची गाडी कुंपणाबाहेर, खडीवर.
दाराच्या कुलपात गंज, रिमोट पोकळ.
आत खजुरांची पेटी, मुलाचा फुटबॉल,
डॅशबोर्डवर बहुधा पगाराचं पाकीट.
फजरपर्यंत आम्ही आकडे बघत बसलो.
मी तीनदा खिडकीशी जाऊन आले.
तो एकदाही उठला नाही.