तारांकित

शब्दाच्या डोक्यावर आम्ही एक तारा काढतो.
म्हणजे, हा कुणी लिहिलेला सापडला नाही,
ना दगडावर, ना शिशाच्या पत्र्यावर.
उलट्या पावली चालत जाऊन
आम्हीच हा उभा केला आहे.

आज टेबलावर हात आहे.
आयरिश लोक म्हणतात लॉव्ह.
आम्ही वेल्श, ल्लाउ,
जिभेच्या कडेनं वारा सोडत.
कॉर्नवॉलचा एका जुन्या यादीत पडून होता,
आणि ब्रेतोनांनी रोजच्या बोलण्यातून हात काढून
मूठच त्या कामाला लावली.

नेसा डब्लिनहून लिहिते :
शेवटचा आ दीर्घ धर, मधला म शाबूत ठेव,
तो नंतर झिजला, पायरी झिजते तसा.
मान्य.
माझं अडलंय ते पहिल्या अक्षराशी.

लॅटिनच्या तळव्याला प आहे.
आमच्याकडे त्या जागी काहीच नाही.
एका रात्रीत गेला नसणार.
आधी ओठ पुरते मिटेनासे झाले,
मग फुंकर उरली,
चहा निववताना येते तेवढी,
मग तीही नाही.
त्या फुंकरीच्या पिढीत एखादी म्हातारी
नातवंडांवर खेकसत असेल,
ओठ लावून बोला रे, मेल्यांनो.

ब्लायनायला पाटीच्या दगडाच्या कारखान्यात
करवतीनं बाबांचं मधलं बोट नेलं.
मी तेव्हा सहा वर्षांची.
अजून थंडीत ते ठणकतं म्हणतात.
कुठे, विचारलं
तर हवेत नेमकी जागा दाखवतात,
पेरासकट.

मी प लिहिला. खोडला.
तारा काढला, त्यापुढे फुंकर,
मग लामा.
मोठ्यानं म्हणून पाहिलं रिकाम्या खोलीत :
कार्डाची कड जराशी हलली.
याला पुरावा म्हणत नाहीत.

आमच्या भाषेत हातांचं अनेकवचन
अजूनही 'दोन हात' असंच होतं, दुइलो,
मग समोर अख्खी सभा का टाळ्या वाजवेना.
हे मी कार्डाच्या मागे लिहिलं,
कारण पुढे जागा नव्हती.

संध्याकाळी बाबांचा फोन.
दिवसभर काय केलंस?
हात शोधत होते, मी म्हटलं.
पलीकडे बशीवर कप ठेवल्याचा आवाज,
थोडा तिरका.
मग सापडला का?

बराचसा.