पत्ता क्रमांक तीन

एकतीस वर्षं एकलहऱ्याच्या कारखान्यात
मी रेल्वेच्या मोटारींची आर्मेचरं वळली.
माणसाहून जड मोटार, क्रेनला लोंबकळणारी,
तिच्या पोटात मी बोटांनी तांबं बसवायचो
उशीत कापूस भरतात तसं, कोपरे चाचपत.
वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट.
त्यांचं माझं कधी वाजलं नाही.

आता जेल रोडला, गच्चीवरच्या खोलीत,
प्लायवूडवरचे बारा व्होल्ट
माझं ऐकत नाहीत.

पहिला धडा सोपा वाटला होता.
दोन रूळ, दोन तारा, एक बटण.
वीज एका रुळाने येते, चाकातून मोटारीत शिरते,
दुसऱ्या रुळाने घरी जाते.
बटण जितकं फिरवाल तितका वेग,
तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी.
मग मी दुसरं इंजिन ठेवलं.
दोन्ही पळाली. एकाला थांबवलं, दोन्ही थांबली.
आपल्या अंगावर कोण उभं आहे
हे रुळाला कुठे कळतं.

रूळ कापले, मध्ये प्लास्टिकचे सांधे घातले,
तुकड्यातुकड्याला स्विच, एकूण अठरा,
खाली तारांचा असा गुंता
की फोरमन बोराड्यांनी पाहिला असता
तर माझी पगारवाढ रोखली असती.
आणि जिथे रूळ वळसा घालून
स्वतःकडेच परत आला,
तिथे डावा उजव्याला भिडला.
फट्‌.
मग बराच वेळ खोलीत वास.

खालच्या मजल्यावरची शर्वाणी मुर्तडक,
सातपूरला आयटीआय करते, वास काढत वर आली.
"काका, तुम्ही रस्त्याला लगाम घालताय.
लगाम घोड्याला."
अठराही स्विच तिने उपटले.
रुळांत आता वीज कायमची, पुरी,
क्षणात इकडून क्षणात तिकडून हेलकावणारी,
आणि त्या हेलकाव्यातच निरोप:
आखूड म्हणजे एक, लांब म्हणजे शून्य.
प्रत्येक इंजिनात नखाएवढा डिकोडर.
तो सगळ्यांचे निरोप ऐकतो,
आपला तेवढा उचलतो.

"आणि आपला कुठला, हे त्याला कसं कळतं?"
"नंबर असतो. कारखान्यातून येताना
सगळ्यांचा तीन. आपण बदलायचा."

मला मुक्तिधामचं पटांगण आठवलं.
रत्नमालाने गर्दीत "अहो" म्हटलं
आणि सहा नवऱ्यांनी माना वळवल्या.
सातवा मी, चपला शोधत होतो.
मलाच ऐकू आलं नाही.

दर तीन फुटांवर खालून तार जोडायची, शर्वाणी म्हणाली,
सांध्यांच्या भरवशावर राहायचं नाही.
डिसेंबरात नाशिक गारठतं, रूळ आकसतात,
सांधा सैल पडतो, गाडी मध्येच उभी.
डाख देणं मात्र तिने शिकवायचं नव्हतं.
तेवढा वेळ ती गप्प बसून
माझ्या हाताकडे बघत राहिली.

मग तिने रुपया काढला,
दोन्ही रुळांवर आडवा ठेवला.
"जिथे ठेवाल तिथे टक्‌ करून सगळं बंद पडायला हवं.
नाही पडलं, तर तिथली तार कमी पडतेय."
पंधरा जागी टक्‌.
सोळाव्या जागी, बोगद्याच्या तोंडाशी,
रुपया नुसताच पडून राहिला.
मी उचलायला गेलो.
एकतीस वर्षांत न भाजलेलं बोट
रुपयाने भाजलं.

एका इंजिनाला मी माझा टोकन नंबर दिला,
चार एक दोन सात.
पितळी बिल्ला अजून कपाटात आहे.
दुसऱ्याचा तीन बदलायचा राहून गेला.

संध्याकाळी रत्नमाला पोह्यांच्या ताटल्या घेऊन आली.
खिडकीत एकलहऱ्याच्या चिमण्या, धूर सरळ वर.
"द्या बघू," म्हणत तिने माझ्या हातातला कंट्रोलर घेतला,
चष्मा नव्हता, समोर जो आकडा होता
तोच राहू दिला, बटण फिरवलं,
आणि इंजिनाला म्हणाली, "अहो, निघा आता."

तीन नंबर वळणावरून निघाला.
टोकनवालं यार्डात ढिम्म,
आपले चार आकडे सांभाळत.
आणि मी, ताटली खाली ठेवून,
का कोण जाणे, उभा राहिलो होतो.