तारली उत्तर देत नाही

शनिवारी दोननंतर ऑफिस माझं.
शेवटी निघते ती फ्लोरिंडा बाय. पर्स आवळत म्हणते,
"म्हज्या मशिनीक हात लावूं नाका हां,
तिका आयज बरें ना."
मी मान डोलावते.
हात तर लावायचाच आहे.

एकोणतीस मशीन,
वास्कोच्या बंदराला पाठ करून बसलेली.
खिडक्या बंद, तरी कोळसा येतोच.
झाकण काढलं की ब्रश काळा, रुमाल काळा, शिंक काळी.
दर तीन महिन्यांनी त्यांच्या पोटातून
मी बंदराचा थोडा माल उतरवून घेते.
आम्ही जगाची कस्टम्सची कागदपत्रं भरतो,
या मालाची कुणी भरलेली नाहीत.

नावं मिंगेलने ठेवलेली. माझ्या आधीचा तो.
मालकांचा विसवण,
कस्टम्सच्या टेबलाची मोरी,
अकाउंट्सला बांगडा आणि लेपो,
रिसेप्शनला चणाक,
आणि फ्लोरिंडाच्या वाट्याला तारली.
आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नव्हती म्हणे.
मग तिनेच मॉनिटरच्या कपाळावर चिकटपट्टी लावली:
तारली, एकोणीस.

आता मुंबईहून हुकूम आलाय.
सगळी नावं एका साच्यात,
जीए, व्हीएससी, पुढे चार आकडे.
सोमवारच्या आत.

अपडेट सोडले.
टक्के चढतात, तिसावर बसतात,
दोन तास शिल्लक, बारा मिनिटं शिल्लक, पुन्हा दोन तास;
असं फक्त कॉम्प्युटर बोलतो
आणि माझा सावर्ड्याचा मामा.
मी हजेरी घेते.
विसवण उत्तर देतो. मोरी देते.
लेपो तिसऱ्या हाकेला देतो.
तारली देत नाही.

टेबलाखाली गुडघ्यांवर.
केबल नीट. दिवा हिरवा.
कॅबिनेटला कान लावला:
टक्. टक्.
आतून कुणीतरी सावकाश खिळा ठोकतंय.
फ्लोरिंडा बायला हे कधीपासून ऐकू येत होतं?

बॅकअप आहे. पण कुलपात,
आणि कुलूप मिंगेलच्या काळचं.
दोन वर्षांत उघडायची वेळ आली नव्हती,
म्हणजे, खरं सांगायचं तर,
उघडतं का ते मी पाहिलंच नव्हतं.

इथे रात्रीचे नऊ. स्विंडनला दुपार.
पासपोर्ट बदलून गेलेला मिंगेल
कुठल्याशा गोदामात खोकी मोजतो.
त्याने डिस्कचं विचारलं नाही आधी.
"अजून काळें येता मगे?"
येतं, म्हटलं.
मग बराच वेळ त्याच्याकडची ट्रॉली वाजत राहिली.

पासवर्ड सांगताना तो हळू बोलला,
एकेक अक्षर, लाजल्यासारखा.
इथे लिहीत नाही.
एवढंच, की त्यात मासा नव्हता.

नवी डिस्क घातली.
वॉचमन बाबलोने उंडो आणि भाजी आणली,
खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला,
निळी रेघ सरकताना बघत,
फुटबॉलची मॅच असावी तसा.
पावणेबाराला म्हणाला, "आयली."
आली होती. अकरा वर्षांची बिलं,
एका लग्नाचे फोटो,
आणि 'नवीन फोल्डर' नावाची सदतीस फोल्डरं.

राहिलं नाव.
चौकटीत तारली निळी होऊन पडली होती, निवडलेली.
एक बटण दाबलं की जाते.
दाबलं.
जीए, व्हीएससी, शून्य शून्य एकोणीस.
रीस्टार्ट.
हाक मारली नव्या नावाने:
चार पाठवले, चार आले, हरवले शून्य.

चिकटपट्टीबद्दल हुकुमात काही नव्हतं.
ती राहू दिली.

मग खिडकी उघडली, ब्रश बाहेर झटकला.
वारा आत येणारा होता.