दुभाषी

रविवारी कुदोसानना खडकवासल्याला नेलं.
चाकणच्या प्लांटमध्ये मी त्यांची दुभाषी,
आज बिनपगारी. आईही आली, पाणी बघायला.

कणीस हातात धरून ते म्हणाले,
आमच्या डोंगरातल्या तळ्यात एक मुलगी आहे.
रूप टिकावं म्हणून झऱ्याला तोंड लावलं.
तहान भागेना. पीत गेली,
अंगावर खवले येईपर्यंत.

‘ऱ्यू’ला मराठीत काय म्हणू?
नाग म्हटलं, मग मगर.
“आसरा झाली म्हण,” आई म्हणाली, “पुढे?”

पुढे तिची आई आली, रात्री,
जळतं लाकूड घेऊन. हाका मारल्या.
पाण्यातून जे वर आलं, ते ओळखीचं होतं,
एवढंच वाईट.
लाकूड फेकलं तिनं तळ्यात.
त्याचा मासा झाला.

आईनं कणसाचे केस
बोटाला गुंडाळले, सोडवले.
“विचार, तो मासा अजून आहे का?”

कुदोसान थांबून म्हणाले,
तळ्यात नदीचं आंबट पाणी सोडलं, मासे संपले.
मग खूप वर्षांनी
दूरच्या दुसऱ्याच तळ्यात सापडले.

पर्समध्ये व्हिसाचा कागद. तीन वर्षांचा.

“आहे,” मी म्हणाले. “दूर आहे, पण आहे.”

शेगडीतली ठिणगी उडून
पाण्यापर्यंत पोचली नाही.