अर्धा पियाला

आत-बाशीच्या शाळेतली बाकं आम्ही बाहेर काढली,
खिडक्यांना चादरी ठोकल्या,
आणि चौथीच्या वर्गाचं
पाच दिवसांपुरतं डोळ्यांचं इस्पितळ झालं.
मी ड्रायव्हर. जनरेटरही माझ्याकडेच.
पगार कुणालाच नाही,
म्हणून रुसून निघून जाणं सगळ्यांना परवडतं,
हे आधीच्या मोहिमांत कळलं होतं.

तेव्हा एक मोठे डॉक्टर येत.
हात सोन्याचा, जीभ चाबकाची.
दुसऱ्या वर्षी निम्म्या नर्स आल्या नाहीत,
तिसऱ्या वर्षी कुणी कारणही कळवलं नाही.

मग जीपार एजे आली. एजे म्हणजे ताई.
बुटकी, चढावर धाप लागणारी.
भाषण नाही. पहिला प्रश्न:
"संडास कुठाय? बायका अंधारात एकट्या जातात?"
मला म्हणाली, "साताय, तिथवर एक दिवा ओढ."
मोतीबिंदूच्या मशीनआधी
मी ती वायर टाकली.

चौथा दिवस, सदतिसावा माणूस.
जुमाश, मेंढपाळ, टेबलावर उताणा,
कपाळावरचा बाण औषधाच्या बोळ्यानं पुसला गेलेला.
एजेच्या हातात पातं.
हत्यारं उकळणारी कालिपा, आठवीपर्यंत शिकलेली,
दारातूनच म्हणाली, "थांबा."

जनरेटर तेवढा बोलत होता.

"सकाळी हा मला उजवीकडून धडकला.
तुम्ही डावा उघडलाय."

पातं ट्रेमध्ये गेलं.
"पुन्हा सांग, कालिपा. मोठ्यानं."
कागद वाचला. उजवा.
फडक्याचं भोक दोन बोटं सरकलं
आणि जुमाश खालून म्हणाला,
"झालं का?"

आमच्याकडे पाहुण्याला पियाला भरून देत नाहीत.
भरलेला म्हणजे: प्या आणि निघा.
अर्धा म्हणजे: बस, संपला की माग, मी ओतत राहीन.
त्या रात्री एजेनं स्वतः ओतला,
पहिला कालिपाला. अर्धा.

ताअलाय, सगळ्यांत तरुण डॉक्टर,
पियाल्यात बघत म्हणाला,
"मलाही दिसलं होतं.
वाटलं, तुम्हाला ठाऊकच असेल."

मला वाटलं, आता चाबूक.
एजेनं किटली खाली ठेवली.
"मी असं काय केलं या चार दिवसांत,
की ते वाक्य तुझ्या तोंडातच राहिलं?"

बराच वेळ कुणी हललं नाही.
"परवा मी काही विचारलं," तो म्हणाला,
"तुम्ही घड्याळाकडे बघितलंत."

तिनं मान डोलावली. माफी मागितली नाही.
भिंतीवरच्या फळ्यावर
उद्याच्या चाळीसाचे बत्तीस केले,
आणि प्रत्येक डोळ्याआधी
कुणीतरी नाव आणि बाजू मोठ्यानं वाचायची,
पहिली पाळी कालिपाची.
वाचता वाचता ती अडखळे. सगळे थांबत.

आठ जण परत गेले.
एकानं दारात थुंकून शिव्या घातल्या,
त्या एजेनं उभ्यानं ऐकल्या,
खापर फोडायला कुणाला पुढे केलं नाही.
त्या आठांत माझी मावशी होती.
घोड्यावरून दीड दिवस आली होती.
ती अजून माझ्याशी बोलत नाही.

वायर मी तिथेच ठेवून आलो.
पुढच्या वर्षीच्या यादीत मावशीचं नाव पहिलं आहे,
उजवा की डावा, तेही लिहिलंय.
तिला सांगायला
अजून माझा पाय उचलत नाही.