डांबर, चार मिनिटं अकरा सेकंद

शुक्रवारी रात्री बाराला 'चौफुली'चं पहिलं गाणं आलं
आणि शनिवारी सकाळच्या चहापर्यंत
जालन्यात दोन पार्ट्या पडल्या.

चौफुली म्हणजे चार बुडालेल्या बँडांतून
वर काढलेली चार माणसं.
परभणीच्या 'बाराशे फूट'ची गायिका,
नांदेडच्या 'तिसरा फाटा'चा ड्रमर,
लातूरचा बेसवाला, ज्याच्या बँडचं नाव
दर गॅदरिंगला बदलायचं,
आणि आमच्या 'भारनियमन'चा विश्वंभर, गिटारवर.

आमच्या म्हणजे, ड्रमवर मी होतो.
आता एमआयडीसीत रोलिंग मिलच्या काट्यावर बसतो.
भरली गाडी वजा रिकामी गाडी,
राहील ते लोखंड.

"चार वाघ एका पिंजऱ्यात घातले
अन् ऐकू काय आलं, तर म्याव,"
झुंबर गव्हाणे म्हणाला नौशादच्या टपरीवर.
बियाण्याच्या कंपनीत पाकिटं मोजतो तो.
अंगात अजून 'बाराशे फूट'चा टीशर्ट,
गळ्याशी सुतं निघालेला.
"ती ओरडायची रे. आता गायलीय.
कामून गायलीय?"

"गायली म्हणून तर कळली,"
गल्ल्यावरून नौशादची बहीण समरीन,
पुढ्यात बी.फार्म.ची वही उघडी.
"पाच वर्षं मी 'पाणी'चं 'राणी' ऐकत होते."

कुणी म्हणालं, सातव्यांदा ऐका, मग चढतं,
गुळवेलीच्या काढ्यासारखं.
कुणी म्हणालं, मग काढाच घेतो ना,
ताप तरी उतरेल.
कुणी म्हणालं, पुण्यात नेऊन धुतलंय ते,
डांबर म्हणायचं आणि हाताला काहीच लागत नाही.

पण खरी जुंपली ती दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर.
तिथे सगळं थांबतं. एकटा बेस चालत राहतो,
रात्री चप्पल हातात घेऊन घरात शिरणाऱ्यासारखा.
मग ड्रमचा ठोका येतो,
यायला पाहिजे त्याच्या जरासा नंतर.

"घसरला तिथे," झुंबर म्हणाला, "दुरुस्तसुद्धा केला नाही."
"तेवढीच जागा खरी आहे," समरीन म्हणाली,
"बाकीचं गाणं नुसतं तिथपर्यंत जायला आहे."

मला विचारलं. मी म्हणालो, चहा गार होतोय.

अंबड रोडच्या खताच्या गोदामात
आमच्या किक पेडलची स्प्रिंग तुटली होती.
सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून वाजवायचो.
ट्यूब पाय सोडायचा, पण सावकाश.
ठोका उशिरा पडायचा,
विश्वंभर शिव्या द्यायचा,
मग गिटार त्या उशिरासाठी थांबायला लागली.
नवी स्प्रिंग आणली तेव्हा
पाय ऐकेना.

दुपारी रायपूरची गाडी काट्यावर चढली.
केबिनमध्ये माझा मोबाइल वाजत होता.
ड्रायव्हरला मराठीचा म माहीत नाही.
पावती घेता घेता म्हणाला, "कौन मरा इसमें?"
मी म्हणालो, पता नहीं.
एक्केचाळीस हजार दोनशे साठ किलो.
त्याने आकडा वाचला नाही, सही करून
शेवटापर्यंत उभा राहिला. मागची गाडी हॉर्न मारत होती.

विश्वंभरचा मेसेज: ऐकलंस का?
मी लिहिलं, दोन चाळीसला
आणि खोडलं.
मग लिहिलं, बेस जास्त झालाय.
त्याचा अंगठा आला. नुसता अंगठा.

संध्याकाळी टपरीवर तेच चालू होतं.
झुंबरच्या बाजूने आता दोन रिक्षावाले,
समरीनच्या बाजूने सगळं हॉस्टेल.
"तू वाजवायचास ना पूर्वी," झुंबर म्हणाला,
"सांग. घसरला की नाही?"
समरीनने मोबाइल पुढे सरकवला, दोन पस्तीसवर लावून,
आणि ती कपबशा न वाजवता उभी राहिली.

बेस आला. थांबा आला.
ठोका पडला.

"लवकर आला," मी म्हणालो.
"अजून जरा उशिरा यायला पाहिजे होता."

दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले
जणू मी कुठल्याच पार्टीचा नाही.