सूत

मिनेसोटाच्या वरच्या अंगाला, लोखंडाच्या खाणींच्या गावात
जानेवारीत डिझेलवरही साय धरते.
तोइव्हो कांगासच्या शेडमध्ये लाकडाची भट्टी,
भट्टीजवळ कुत्रा, कुत्र्याजवळ मी,
आणि बाकावर व्हर्ना स्कोग्लुंडनं ठेवलेले तीन खोके.

नऊ वर्षं जमवत होता एल्डन.
कॅम घेतला तो ओव्हरटाइमच्या वर्षी,
कॅटलॉगातला सगळ्यात उंच.
पिस्टन घुमटाचे, डुलुथच्या कुठल्याशा लिलावातले.
हेडं मागच्या पानगळीत; खोक्याची चिकटपट्टीही निघाली नव्हती.
"सगळं एक नंबरचं आहे," व्हर्ना म्हणाली,
"फक्त जोडायचं राहिलं."

तोइव्हो हसला नाही. तो तसाही क्वचितच हसतो.
"एक नंबरची तीन माणसं एका होडीत बसव," म्हणाला,
"आणि बघ वल्हं कोण मारतं."

मग पोरं खेळतात ती निळी माती
त्यानं पिस्टनच्या माथ्यावर थापली,
तेलाचं बोट फिरवलं, हेड आवळलं,
आणि मला म्हणाला, फिरव. हळू. पान्यानं. दोन फेरे.
मी फिरवलं.
आत कुठेतरी काहीतरी मऊ दबल्याचं
मनगटाला कळलं.

हेड उघडलं तर मातीत झडपेची कोर उमटलेली,
तिजेच्या चंद्रासारखी.
ब्लेडनं आडवी कापून मापली:
पाव सूत.
पाहिजे होतं पाऊण.
पाव सुतावर इंजिन सुरू होतं, तोइव्हो म्हणाला,
छान सुरू होतं.
मग एक दिवस चढावर तू मूठ पिळतेस.

"मग पिस्टनला खोल खाचा पाड," व्हर्ना म्हणाली.
पाडू. पण हा कॅम झडप उशिरा मिटतो,
घेतलेला श्वास अर्धा परत कार्बुरेटरात ढकलतो,
पाच हजार फेऱ्यांच्या खाली त्याला जागच येत नाही.
तू कुठे चालवणार?
"टॉवरच्या बेकरीपर्यंत."
मग कॅम बुटका घेऊ. बुटका घेतला की
घुमटाखाली दाब इतका चढेल
की पेट्रोल वेळेआधीच खडखडेल, खिशातल्या खिळ्यांसारखं.
म्हणजे घुमटही गेला.
एकाला हात लावला की दोघं हलतात.

ती बराच वेळ भट्टीकडे बघत बसली.
कुत्र्यानं कूस बदलली.
"ज्या वर्षी त्यानं कॅम घेतला," ती म्हणाली,
"त्या वर्षी आम्ही बोलत नव्हतो."
आम्हा दोघांना यावर काय बोलावं कळेना.
तोइव्होनं उगाच मायक्रोमीटर पुसला.
"पिस्टन विकून टाक. कॅम मला दे.
हेडं ठेव. ती त्यानं उघडलीही नाहीत,
तिथून सुरुवात कर."

फेब्रुवारीभर मी हेडं घासली.
काचेसारख्या पट्टीला ग्रीस लावून
नळीतून थेंब थेंब लाल स्पिरिट सोडायचं:
पुढचं शहाऐंशी, मागचं चौऱ्याऐंशी.
दोन सीसी. औषधाचं अर्धं झाकणही नाही.
त्यासाठी तीन संध्याकाळी गेल्या,
आणि तोइव्होला विचारलं, एवढ्यानं काय होतं,
तर म्हणाला, काही नाही. घास.

सपाट माथ्याचे पिस्टन आले, मधल्या उंचीचा कॅम आला.
पुन्हा माती, पुन्हा दोन फेरे.
या वेळी मनगटाला काही कळलं नाही.
पाऊण सूत, आणि वर केसभर.

मे महिन्यात, तळ्यांवरचा बर्फ फुटल्यावर,
व्हर्नानं ती पहिल्यांदा बाहेर काढली.
फाटकापाशी मंद, जाडसर धडधड;
वळणापलीकडे तिनं मूठ पिळली असणार,
कारण आवाज ताणला गेला नाही,
नुसता भरत गेला.
तोइव्हो म्हणाला, "हं."

बिल देताना तिनं फक्त एकच गोष्ट मागितली होती,
ती पहिल्या दिवशीची निळी माती, कोर उमटलेली.
मी ती चहाच्या डब्यात घालून दिली.
कशाला, ते तिनं सांगितलं नाही.
तो कॅम तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो म्हणे,
त्यावर ती हातमोजे वाळत घालते.